शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना: काय करावे, कसे करावे, कुठून सुरुवात करावी

माझी आई गेली तेव्हा सुरुवातीचे काही दिवस घर माणसांनी भरलेले होते. मग एकेक जण आपापल्या कामाला लागला. एका संध्याकाळी आठ वाजता सवयीने माझा हात तिच्या गोळ्यांच्या डबीकडे गेला आणि तिथेच थांबला. इतकी वर्षे तिच्यासाठी रोज काहीतरी करत होतो. आता करण्यासारखे काहीच उरले नाही, असे वाटले. ते खरे नव्हते, हे कळायला मला बराच वेळ लागला. कॅथॉलिक श्रद्धेनुसार मृत माणसासाठी करण्यासारखे पुष्कळ उरते आणि त्याचा त्याला खरोखर उपयोग होतो. ते काय आणि कसे, हे मला तेव्हा कोणी नीट सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून हे लिहितो आहे.

आधी एवढे समजून घ्या

शुद्धिस्थान म्हणजे छोटा नरक नव्हे, आणि मेल्यानंतर मिळणारी दुसरी संधीही नव्हे. देवाच्या कृपेत आणि त्याच्या मैत्रीत मरण आलेल्या, पण अजून पुरते शुद्ध न झालेल्या माणसांसाठी ते आहे. त्यांचे तारण निश्चित झालेले असते. स्वर्गाच्या आनंदात जाण्यापूर्वी जी शुद्धी हवी, तिला ख्रिस्तसभा (कॅथॉलिक चर्च) हे नाव देते. कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 1030 ते 1032 या परिच्छेदांत ही शिकवण मोजक्या शब्दांत आहे. अर्ध्या तासात वाचून होते, जरूर वाचा.

पापाची क्षमा झाली तरी सगळे संपत नाही, हा यातला कळीचा मुद्दा. समजा, एखादा माणूस वर्षानुवर्षे खोटे बोलत आला. एके दिवशी त्याने मनापासून पश्चात्ताप केला, प्रायश्चित्त संस्कार घेतला, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली दिली. त्याला क्षमा मिळाली, पूर्ण मिळाली. पण जिभेला लागलेले वाकडे वळण, इतरांचा गमावलेला विश्वास, स्वतःला वाचवण्यासाठी सत्य मुरडण्याची ओढ, हे सगळे एका क्षणात सरळ होत नाही. ते सरळ होण्याचे काम इथे अपुरे राहिले तर ते मरणानंतर पुरे होते. जिनोवाच्या संत कॅथरीनने (1447 ते 1510) म्हटले आहे की शुद्धिस्थानातल्या आत्म्यांच्या आनंदाची तुलना फक्त स्वर्गातल्या आनंदाशीच करता येईल, आणि तरीही त्यांच्या वेदना खऱ्याच असतात. देवाचे प्रेमच त्यांना जाळते आणि उजळते. माझी स्वतःची भीती तिच्यामुळे गेली.

आपल्या प्रार्थनेची त्यांना मदत होते, याचा आधार जुना आहे. कॅथॉलिक बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी वर्गणी गोळा करतो आणि चांदीची सुमारे 2000 द्राख्मा नाणी यरुशलेमला यज्ञासाठी पाठवतो. पुनरुत्थानाची आशा होती म्हणूनच त्याने मृतांसाठी प्रार्थना केली, असे ते पुस्तक स्पष्ट सांगते. पुढे लियोन (1274), फ्लॉरेन्स (1439) आणि ट्रेंट (1563) येथील धर्मसभांनी हीच श्रद्धा अधिकृतपणे मांडली. ट्रेंटने त्याच दमात धर्माध्यक्षांना (बिशपना) बजावले की या विषयात कुतूहल, अंधश्रद्धा आणि पैशाचा हव्यास यांना थारा देऊ नका. हा इशारा आजही लागू आहे.

पहिली पायरी: नावे लिहा

एक साधी वही घ्या. त्यात तुमच्या मृतांची नावे आणि मृत्यूच्या तारखा लिहा. आईवडील, आजी-आजोबा, काका-मामा, शिक्षक, शेजारी. ज्यांच्याशी तुमचे बिनसलेले होते आणि समेट व्हायच्या आत जे गेले, त्यांची नावे तर नक्की लिहा. माझ्या वहीत असे एक नाव आहे. पहिले वर्षभर ते उच्चारताना घसा आवळायचा. आता ते इतर नावांसारखेच येते, आणि हे प्रार्थनेशिवाय झाले नसते हे मला माहीत आहे.

शेवटच्या ओळीत लिहा: ‘ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला कोणीच नाही, ते सर्व.’ ख्रिस्तसभा प्रत्येक मिस्सामध्ये (भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या उपासनेत) त्यांची आठवण करते, आपणही करावी.

बाप्तिस्मा झालेले आणि कळत्या वयाआधी गेलेले मूल घरात असेल, तर त्याच्यासाठी शुद्धीची प्रार्थना करण्याची गरज नसते. त्याच्या आईवडिलांसाठी मात्र प्रार्थना करा. ती त्यांना लागते.

दुसरी पायरी: मिस्सा

मृतांसाठी करता येण्यासारख्या सगळ्या गोष्टींत पवित्र मिस्सा पहिली. बाकीचे सगळे तिच्यानंतर. कारण सरळ आहे: इतर प्रार्थना आपल्या असतात, मिस्सा ख्रिस्ताचे स्वतःचे अर्पण असते. म्हणून वेळ किंवा पैसा मोजकाच असेल तर तो आधी इथे द्या.

मिस्साचा हेतू, म्हणजे ती कोणासाठी अर्पण व्हावी हे, द्यायचा तर धर्मग्रामाच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) कार्यालयात जा. मृताचे नाव, हवी असलेली तारीख आणि निमित्त (पहिले वर्षश्राद्ध, तिसावा दिवस, वाढदिवस) सांगा. मृत्यूनंतरचा तिसरा, सातवा आणि तिसावा दिवस आणि दरवर्षीचा मृत्युदिन, हे मिस्सासाठी परंपरेने चालत आलेले दिवस आहेत. वर्षाच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच देऊन टाका, कारण ऐनवेळी दिवस मोकळा मिळेलच असे नाही.

काही गोष्टी लोकांना ठाऊक नसतात आणि त्यावरून गैरसमज होतात.

हेतूसोबत जे पैसे देतो ते मिस्साचे मोल नाही. मिस्साचे मोल कोणी करू शकत नाही. ते धर्मगुरूच्या आणि ख्रिस्तसभेच्या कार्यासाठीचे दान असते आणि त्याची रक्कम त्या प्रांताचे धर्माध्यक्ष ठरवतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या हेतूसाठीही मिस्सा अर्पावी, असे 1983 च्या धर्मनियमसंहितेतील नियम 945 धर्मगुरूंना आवर्जून सांगतो. तेव्हा पैशावाचून अडून राहू नका; फादरांना मोकळेपणाने सांगा.

मृताच्या नावाची मिस्सा म्हणजे वाचने आणि प्रार्थनाही मृतांच्याच असतील, असे नाही. रविवारी किंवा मोठ्या सणाला त्या दिवसाचीच उपासना होते. तरी हेतू तुमचाच असतो, त्यात काही उणे नसते. धर्मगुरूने नाव मोठ्याने घेतले नाही तरीही.

एकाच मिस्सामध्ये अनेकांची नावे वाचली जातात, याचे कोडे पुष्कळांना पडते. 1991 साली रोमने याचा नियम घालून दिला: देणगीदारांना आधी सांगून, त्यांची संमती घेऊन, आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस असा एकत्रित हेतू चालतो. तुम्हाला स्वतंत्र मिस्सा हवी असेल तर तसे आधीच सांगा. विचारण्यात गैर काही नाही.

मृत व्यक्ती कॅथॉलिक नव्हती? नियम 901 नुसार धर्मगुरू कोणाही जिवंत वा मृत माणसासाठी मिस्सा अर्पू शकतो. 

आणि हेतू देऊन घरी बसू नका. स्वतः मिस्साला जा, ख्रिस्तशरीर (मिस्सात अर्पण झालेली भाकर) स्वीकारा. यूखरिस्त प्रार्थनेत (मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत) मृतांच्या स्मरणाचा क्षण येतो, तिथे मनात नाव घ्या. हा क्षण दोन वाक्यांत निघून जातो. आधीपासून सावध राहावे लागते. मी तर त्या दिवशी वहीच सोबत नेतो.

ग्रेगोरियन मिस्सा

एकाच मृतासाठी सलग 30 दिवस अर्पण केलेल्या 30 मिस्सांना ग्रेगोरियन मिस्सा म्हणतात. थोर संत ग्रेगरी पोप यांनी सांगितलेल्या एका प्रसंगातून ही परंपरा आली. त्यांच्या मठात युस्तुस नावाचा वैद्यकी जाणणारा संन्यासी होता. आजारपणात त्याच्याजवळ लपवलेली सोन्याची तीन नाणी सापडली. मठाच्या गरिबीच्या व्रताचा हा भंग होता. ग्रेगरींनी कठोर शिक्षा दिली: मरताना त्याच्याजवळ कोणी बसू नये आणि नाण्यांसकट त्याला उकिरड्यात पुरावे. युस्तुस पस्तावून मेला. पुढे ग्रेगरींनाच त्याची दया आली आणि त्यांनी 30 दिवस रोज त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायला सांगितले. तिसाव्या दिवशी युस्तुसने आपल्या भावाला दर्शन देऊन आपण आता बरे आहोत, असे सांगितले.

मला या कथेत तीस या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्याने शिक्षा दिली त्यालाच दया आली आणि त्यानेच प्रार्थना सुरू करून दिली.

प्रत्यक्षात काय करायचे? धर्मग्रामात सलग तीस दिवस मोकळे मिळणे कठीण असते, म्हणून हा हेतू बहुधा मठांकडे किंवा मिशनरी संस्थांकडे जातो. तीसही मिस्सा एकाच धर्मगुरूने किंवा एकाच वेदीवर अर्पण कराव्यात अशी अट नाही. या मिस्सा फक्त मृतांसाठी असतात आणि एका वेळी एकाच मृतासाठी. तीस झाल्या की सुटका झालीच, अशी हमी ख्रिस्तसभा देत नाही. ती एक भक्कम, पूज्य परंपरा आहे; तेवढ्याच श्रद्धेने ती करावी.

तिसरी पायरी: रोजची घरची प्रार्थना

पाच मिनिटे पुरतात. रोजची पाच मिनिटे एखाद्या दिवसाच्या दोन तासांपेक्षा बरी, हा माझा अनुभव. वेळ ठरलेली असावी: रात्री जेवण झाल्यावर किंवा दिवा मालवण्याआधी. मी आठची वेळ ठेवली, आईच्या गोळ्यांची.

क्रूसाची खूण करा. वहीतली दोन-तीन नावे घ्या. रोज सगळी घ्यायची गरज नाही. प्रत्येक नावासोबत त्या माणसाची एक आठवण क्षणभर मनात येऊ द्या. मग एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, एक ‘नमो मरिया’ आणि त्यानंतर ख्रिस्तसभेची ही जुनी, लहानशी प्रार्थना:

‘हे प्रभो, त्यांना सार्वकालिक विसावा दे, आणि तुझा अखंड प्रकाश त्यांच्यावर पडो. ते शांतीत विसावोत. आमेन.’

एवढेच. मुलांना ही प्रार्थना चटकन पाठ होते. दफनभूमीवरून जाताना, मृत्यूची बातमी कानावर येताच, रुग्णवाहिकेचा आवाज ऐकताच ती म्हणण्याची सवय लागली की दिवसात पाच-सहा वेळा आपोआप होते.

सवड असेल तेव्हा 130 वे स्तोत्र घ्या. खोल गर्तेतून देवाला मारलेली हाक आणि पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांहून अधिक आतुरतेने प्रभूची वाट पाहणारा जीव, असे ते स्तोत्र आहे. शतकानुशतके ख्रिस्ती लोक मृतांसाठी ते म्हणत आले आहेत. ते म्हणताना मला कधीकधी वाटते की हे शब्द मी त्यांच्यासाठी म्हणत नसून त्यांच्याऐवजी म्हणतो आहे.

जपमाळ मृतांसाठी अर्पण करायची असेल तर सुरुवातीलाच हेतू बोलून दाखवा आणि प्रत्येक दशकानंतर (दहा मण्यांनंतर) वरची लहान प्रार्थना जोडा. क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांवरची प्रार्थना, हीही अशीच अर्पण करता येते. सोमवार हा मृतांच्या स्मरणाचा वार मानण्याची परंपरा आहे. आठवड्याला एकच दिवस जमत असेल तर तो घ्या.

चौथी पायरी: इंडल्जन्स

या शब्दावरून इतिहासात मोठे वाद झाले, त्यामुळे अनेक कॅथॉलिकही त्यापासून लांब राहतात. तसे करू नका, कारण मृतांच्या हाती देण्यासारखी ही मोठी भेट आहे. पापाची क्षमा मिळाल्यावरही त्याचा जो ऐहिक दंड उरतो, म्हणजे वर सांगितलेले ते वाकडे वळण, त्यातून ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्यसाठ्याच्या बळावर ख्रिस्तसभा जी मुक्ती देते ती इंडल्जन्स. ती विकत मिळत नाही. पूर्ण असते किंवा आंशिक. ती स्वतःसाठी घेता येते किंवा मृतासाठी अर्पण करता येते. दुसऱ्या जिवंत माणसासाठी मात्र नाही.

आज लागू असलेल्या नियमांचा पाया पोप सहावे पॉल यांनी 1967 साली घातला. पूर्ण इंडल्जन्ससाठी नेमून दिलेले कृत्य करायचे आणि त्यासोबत प्रायश्चित्त संस्कार, ख्रिस्तशरीराचा स्वीकार आणि पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना. या प्रार्थनेसाठी एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मरिया’ पुरते. शिवाय पापाची, अगदी लहानशा पापाचीही, मनात ओढ नको. ही शेवटची अट ऐकून लोक हात टेकतात. पण पाप पुन्हा कधीच घडणार नाही अशी खात्री इथे मागितलेली नाही; एखादे पाप जाणूनबुजून जवळ बाळगू नये, एवढे मागितले आहे. ते जमले नाही किंवा एखादी अट राहिली, तर इंडल्जन्स आंशिक होते, वाया जात नाही.

हिशेब असा: दिवसाला एकच पूर्ण इंडल्जन्स मिळते. एका प्रायश्चित्त संस्कारावर अनेक मिळू शकतात. तो कृत्याच्या आधी किंवा नंतर सुमारे वीस दिवसांत झाला तरी चालतो. ख्रिस्तशरीर आणि पोप महोदयांसाठीची प्रार्थना मात्र प्रत्येक इंडल्जन्ससाठी वेगळी, आणि शक्यतो त्याच दिवशी.

वर्षातल्या कोणत्याही दिवशी करता येतील अशी चार कृत्ये: पवित्र साक्रामेंतासमोर (चर्चमध्ये ठेवलेल्या ख्रिस्तशरीरासमोर) किमान अर्धा तास आराधना, किमान अर्धा तास बायबलवाचन, चर्चमध्ये किंवा कुटुंबासोबत जपमाळ, आणि क्रूसाची वाट.

जुन्या प्रार्थनापत्रकांवर ‘300 दिवस’ किंवा ‘7 वर्षे’ असे छापलेले सापडते. ते शुद्धिस्थानातले दिवस कधीच नव्हते. प्राचीन काळी पाप्यांना दिल्या जाणाऱ्या प्रायश्चित्ताच्या मुदतीशी ती तुलना होती. 1967 पासून ते आकडेच काढून टाकले आहेत. तुम्हीही मोजू नका.

पाचवी पायरी: नोव्हेंबरचे आठ दिवस

1 नोव्हेंबर सर्व संतांचा सण, 2 नोव्हेंबर सर्व मृतांचा स्मरणदिन. हा दिवस क्लुनीच्या मठाचे प्रमुख संत ओडिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांमध्ये सुरू केला आणि तिथून तो सगळ्या पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत पसरला. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, 1915 साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. ती आजही आहे. तीनपैकी एक सर्व मृतांसाठी आणि एक पोप महोदयांच्या हेतूंसाठी असते.

1 ते 8 नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भक्तीने भेट देऊन मृतांसाठी, मनातल्या मनात का होईना, प्रार्थना केली तर रोज एक पूर्ण इंडल्जन्स मिळते, आणि ती फक्त मृतांनाच अर्पण होते. आठ दिवस, आठ नावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रायश्चित्त संस्कार करून घ्या. मग रोज मिस्सा, रोज दफनभूमी, रोज पोप महोदयांसाठी प्रार्थना. तुमच्या माणसाची कबर दूर असेल तर जवळच्या कोणत्याही दफनभूमीत जा. नाव मात्र त्याचे घ्या.

2 नोव्हेंबरला आणखी एक वाट आहे: चर्चला भेट देऊन ‘आमच्या बापा’ आणि विश्वासांगीकार (आपल्या श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना) म्हणणे. आदल्या दिवशी दुपारी बारापासून दोन तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत ही भेट चालते. दिवसाला एकच, हा नियम इथेही आहे.

कबरीपाशी काय करावे? आधी थोडे साफ करा. हात कामात असले की मन स्थिर होते. मेणबत्ती लावा, नाव मोठ्याने वाचा, स्तोत्र किंवा जपमाळेचे एक दशक म्हणा, आणि मग थोडा वेळ काहीच बोलू नका. निघताना शेजारच्या, कोणी न फिरकलेल्या कबरीसाठीही एक प्रार्थना म्हणा.

उपवास, दान आणि भोगलेले दुःख

गरजूला दिलेले अन्न, रुग्णाची सेवा, शुक्रवारचा उपवास, अंगावर आलेले दुखणे तक्रार न करता सोसणे, हे सारे मृतांसाठी अर्पण करता येते. ‘प्रभो, हे अमक्यासाठी’ एवढे मनात म्हटले की झाले. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना हे नक्की सांगा. आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्याकडे यातले सगळ्यात मोठे धन असते.

यापासून दूर राहा

अमुक प्रार्थना एकदा म्हटली की हजार आत्मे सुटतात, अशी पत्रके फिरतात. प्रार्थना चांगली असेल. त्या आकड्याला ख्रिस्तसभेचा आधार नाही. ‘दहा जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल’ हे तर प्रार्थनेच्याच विरोधात आहे. आणि मृतांना बोलावणे, त्यांच्याकडून खबर काढणे, माध्यमाकडे जाणे, याला देवाची स्पष्ट मनाई आहे. दुःखात माणूस यांपैकी कशालाही बळी पडू शकतो, म्हणून ठळकपणे सांगतो: आपण मृतांशी संपर्क साधत नाही, मृतांसाठी देवाशी बोलतो.

आत्महत्या केलेल्यांसाठी प्रार्थना करावी का, हा प्रश्न लोक फार दबक्या आवाजात विचारतात. करावी, जरूर करावी. अशा माणसांच्या तारणाची आशा सोडू नका, देव त्यालाच ठाऊक असलेल्या मार्गाने त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, असे धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद 2283) सांगतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते हेही तिथेच लिहिले आहे.

किती काळ करायचे?

‘आई आता स्वर्गातच असेल, मग अजून प्रार्थना कशाला?’ असे माझ्या भावाने मला विचारले होते. संत म्हणून घोषित झालेल्यांखेरीज कोण कुठे पोहोचले हे आपल्याला कळत नाही. ती पोहोचली असेल तर माझी प्रार्थना देव ज्याला गरज आहे त्याला देईल. म्हणून थांबायचे कारण नाही. अंत्यविधीच्या वेळी ‘ते तर थेट स्वर्गात गेले’ असे आपण प्रेमाने बोलून जातो, आणि त्या वाक्याबरोबर त्यांच्यासाठीची प्रार्थनाही बंद होते.

इ.स. 387 मध्ये ओस्तिया बंदरात संत मोनिका मरणशय्येवर होती. आपल्याला मायदेशी पुरावे अशी तिची पूर्वी फार इच्छा होती. शेवटी तिने मुलांना सांगितले की हा देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका. फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तिचा मुलगा ऑगस्टिन याने हे लिहून ठेवले आणि आपल्या वाचकांनाही तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले.

तुमच्या मुलांना हे आताच सांगून ठेवा. मी माझ्या मुलीला सांगितले आहे, वही कुठल्या खणात असते तेही दाखवले आहे. शेवटच्या पानावर माझ्या नावासाठी एक ओळ कोरी ठेवली आहे. तारीख तिने भरायची.